क्रिमिनॉलॉजी केली की पोलीस होता येतं का? जरा सविस्तर सांगते

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच येतो. यंदा शेजारच्या ताईंची मुलगी आली, हातात कुठल्यातरी खाजगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर खाकी वर्दीतल्या मुलीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात की तीन वर्षांचा क्रिमिनॉलॉजीचा, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राचा, कोर्स करा, पोलीस, सीबीआय, गुप्तचर खातं, सगळीकडे संधी. पोरीचे डोळे चमकत होते आणि फीचा आकडा बघून तिच्या आईचं तोंड सुकलं होतं. "मावशी, हे केलं की डायरेक्ट पीएसआय ना?" मी हा विषय विद्यापीठात शिकलेय, मनापासून आवडतो मला, त्यामुळे तिला नाउमेद करायचं नव्हतं, पण तिच्या आईने कर्ज काढून फी भरायची आणि तीन वर्षांनी कळायचं की असं डायरेक्ट काही नसतंच, हेही मला बघवलं नसतं. तिला जे दोन तास बसून समजावलं तेच इथे लिहितेय, कारण हा घोळ खूप घरांत होतो.

आधी सरळ उत्तर. नाही, डायरेक्ट काही होत नाही.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते, बस. मैदानी परीक्षा ५० मार्कांची, लेखी १०० मार्कांची. मुलांना १६०० मीटर धावायचं, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. उंची मुलांना १६५ सेंमी, मुलींना १५५, मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर ५ सेंमी वाढली पाहिजे. पीएसआय व्हायचं तर एमपीएससी, तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीए असो बीकॉम असो की बीएस्सी ॲग्री, मुलींची उंची मात्र १५७ लागते आणि ही दोन सेंटिमीटरची गोष्ट फॉर्म भरताना कळली की फार वाईट वाटतं म्हणून आधीच सांगतेय. सिलेक्शन झालं की नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत पाठवतात, तिथे कायदा, तपास, कवायत, शस्त्र सगळं सरकारच शिकवतं. सीबीआयचा सब इन्स्पेक्टर केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी म्हणजे इथे दहावी नव्हे) सीजीएल परीक्षेतून होतो, कुठलीही पदवी. आयपीएस यूपीएससीतून, कुठलीही पदवी, आणि तिथल्या ऐच्छिक विषयांच्या यादीत समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, मानववंशशास्त्र आहे, कायदा आहे, पण क्रिमिनॉलॉजी नाहीच. म्हणजे वर्दीच्या या कुठल्याच दारावर ही पदवी मागत नाहीत.

मग हे शिकायचं कशाला, असं ती म्हणालीच. तर त्यासाठी आधी हा विषय नक्की काय आहे ते बघू, कारण दहातले आठ जण क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक एकच समजतात.

आपल्या एसटी स्टँडवरची रोजची गोष्ट घ्या. गाडी लागते, सगळे दाराकडे धावतात, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतंय, एक बाई कडेवर लेकरू, एका हातात पिशवी, खांद्याला पर्स अशी त्या रेट्यात शिरते, आत जाऊन बसते, तिकिटाला पैसे काढायला जाते तर पर्सला ब्लेडने उभा चिरा आणि आतलं छोटं पाकीट गायब. आता यात पोलीस विचारणार कोणी मारलं आणि माल कुठे गेला. फॉरेन्सिकवाला बघणार कापलेल्या कडेवरून ब्लेड कसलं होतं, ठसा कुठे मिळतोय का. वकील म्हणणार ही चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, गळ्यातलं ओढून नेलं असतं तर ३०४, कारण हिसकावून नेण्याला नव्या कायद्यात वेगळं कलम आलंय. आणि क्रिमिनॉलॉजीवाला विचारणार की हे याच स्टँडवर का, याच वेळेला का, या बाईच्याच बाबतीत का, जो मारतो तो या धंद्यात आला कसा, पकडला गेला तर जेलमधून सुटल्यावर परत हेच का करतो, आणि ती बाई तक्रार न करताच गावी का गेली. प्रश्नच वेगळे आहेत. फॉरेन्सिक हे सायन्स आहे, लॅबचं काम, त्याला केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स लागतं. क्रिमिनॉलॉजी ही समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा आणि थोडं आकडेशास्त्र यांची मिळून झालेली शाखा. आर्ट्सची मुलगी क्रिमिनॉलॉजीत बीए करून फॉरेन्सिक लॅबमध्ये जाईन म्हणाली तर तिला तिथे घेणार नाहीत, हे कोणीतरी तिला बारावीतच सांगायला हवं.

या स्टँडच्या गोष्टीवर एक फार साधी थिअरी लागू होते, लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोघांनी १९७९ साली मांडलेली. ते म्हणतात गुन्हा व्हायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी यायला लागतात: करणारा तयार पाहिजे, हाती लागेल असं सावज पाहिजे आणि अडवणारं कोणी नको. यातली एक जरी काढली तरी गुन्हा होत नाही. आपण सगळे काय करतो तर पहिल्याच्याच मागे लागतो, पकडा, ठोका, आत टाका. पण त्या स्टँडवर गाडीच्या दाराशी नुसती रांग लावली, कंट्रोलरची केबिन फलाटाकडे तोंड करून केली, संध्याकाळचा बंद पडलेला दिवा बदलला तर सावज तेवढं सोपं राहत नाही आणि अडवणारी नजर आपोआप तयार होते. अडवणारा म्हणजे पोलीसच पाहिजे असं नाही, समोरचा रसवंतीवाला पण अडवणाराच असतो.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पश्चिम जर्मनीचं. तिथे हेल्मेटची सक्ती आधीपासून होती पण १९८० पासून हेल्मेट नसेल तर जागेवर दंड सुरू झाला, आणि मोटरसायकल चोऱ्या धाडकन खाली आल्या, वर्षाला साधारण दीड लाख होत्या त्या १९८६ पर्यंत ५४ हजारांच्या आसपास. चोरांना कोणी उपदेश केला नव्हता, शिक्षा वाढवली नव्हती. झालं एवढंच की रस्त्यावर उभी गाडी दिसली म्हणून उचलणाऱ्याकडे हेल्मेट नसायचं, आणि बिनहेल्मेटचा माणूस पुढच्या चौकात अडवला जाणार हे त्याला माहीत होतं. पुण्यात हेल्मेटवर इतक्या वर्षांत इतकं बोललं गेलं पण हा मुद्दा फारसा कोणी काढलेला मी ऐकला नाही. आणि गुन्हे सगळीकडे सारखे पसरलेले पण नसतात, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात १९८९ च्या अभ्यासात दिसलं की पोलिसांना येणारे निम्मे फोन शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून येत होते. म्हणजे बीट मार्शलची गाडी अख्ख्या हद्दीत गोल गोल फिरवण्यापेक्षा ते ठरावीक चौक शोधून काढले तर त्याच माणसांत जास्त काम होतं. शिपाई झालेल्या पोरीला हे माहीत असेल तर तिच्या ड्युटीत फरक पडेल की नाही, तुम्हीच सांगा.

आता आकड्यांचं. माझा मोबाइल दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात मारला, भाजी घेताना वाकले आणि ड्रेसच्या खिशातून गेला, मला हात लागल्याचं कळलं सुद्धा पण वळेपर्यंत कोणी नाही. पोलीस ठाण्यात गेले तर समोरचे हवालदार शांतपणे म्हणाले, "ताई, चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, सिमकार्डासाठी दाखला लगेच मिळेल." मी हा विषय शिकलेली, तरी दहा मिनिटं वाद घातला आणि शेवटी दमून गहाळ लिहून आले, कारण मला दुसऱ्या दिवशी नंबर चालू पाहिजे होता. त्या दिवशी बाजारात एक चोरी झाली आणि सरकारी कागदावर शून्य चोऱ्या झाल्या. अशा न नोंदलेल्या गुन्ह्यांचा जो ढीग असतो त्याला आमच्या विषयात गुन्ह्यांचा अंधारातला आकडा म्हणतात, आणि त्या हवालदारांवर मला राग धरता येत नाही, त्यांच्यावर वरून प्रेशर असतं की तुमच्या हद्दीत गुन्हे वाढले कसे. म्हणून तर पेपरात अमुक शहरात गुन्हे वाढले अशी बातमी आली की लगेच घाबरायचं नसतं, आणि घटले म्हणून खूशही व्हायचं नसतं.

देशभरातले आकडे गोळा करते ती एनसीआरबी, म्हणजे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो, १९८६ साली स्थापन झालेली. त्यांच्या मोजणीतला एक नियम सांगते, एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी मोजताना फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा मोजतात. म्हणजे घरात घुसून चोरी करताना खून झाला तर आकडा खुनात जातो, चोरी त्या मोजणीत दिसतच नाही. आणि दुसरं उदाहरण, २०१२ मध्ये देशात बलात्काराच्या २४,९२३ केसेस नोंदल्या गेल्या आणि २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात पुरुष अचानक एवढे बिघडले का? मधे डिसेंबर २०१२ ची दिल्लीची घटना झाली, कायद्यातली बलात्काराची व्याख्या रुंद झाली, बायका पुढे यायला लागल्या आणि पोलिसांना नोंदवून घ्यावं लागलं. कधीकधी वाढलेला आकडा ही चांगली खूण असते. हे वाचायला शिकवतात क्रिमिनॉलॉजीत, आणि माझ्या मते डिग्रीतला सगळ्यात उपयोगाचा भाग हाच, पण पोरांना मर्डर मिस्ट्री पाहिजे असते म्हणून या पेपरला झोपतात.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची होती ती. या शास्त्राचा जन्मच एका मोठ्या चुकीतून झालाय. इटलीतला डॉक्टर सेझारे लोम्ब्रोसो, त्याने एका दरोडेखोराची कवटी तपासताना मागच्या बाजूला एक खळगा बघितला आणि त्यावरून १८७६ च्या पुस्तकात मांडलं की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, त्याचा जबडा, कान, कपाळ बघून ओळखता येतो. पुढे हे सगळं खोटं ठरलं, अभ्यास करणाऱ्यांनी कैदी आणि साधी माणसं शेजारी शेजारी मोजली आणि असा काही वेगळा साचा सापडलाच नाही.

आपल्याला इटलीला जायची गरजच नाही, कारण लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्याही ५ वर्षं आधी, १८७१ साली, इंग्रजांनी आपल्याकडे क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला. अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या, हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, पुढे तर काटेरी तारेच्या सेटलमेंटमध्ये ठेवलं, सोलापूरची सेटलमेंट आजही त्याच नावाने ओळखतात. आई जमातीची म्हणून पोटातलं लेकरूसुद्धा गुन्हेगार. देश १९४७ ला सुटला पण ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली, म्हणून ती विमुक्त, आणि म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो. त्यानंतरही राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा मुंबई कायदा त्यातलाच, आणि संशय तसाच राहिला. गावात घरफोडी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते हे गावाकडच्या कोणालाही विचारा.

आमच्या वर्गात हे शिकवलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून बाहेर गेला. नंतर कळलं तो पारधी समाजातला, त्याच्या वडिलांना तो लहान असताना तीनदा उचलून नेलेलं आणि तिन्ही वेळा काहीच निघालं नव्हतं. तो मला म्हणाला होता, "पुस्तकात याला थिअरी म्हणतात होय." अमेरिकेतल्या हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये हेच सांगितलं की माणसावर एकदा शिक्का बसला की लोक त्याला तसंच वागवतात, काम देत नाहीत, घर देत नाहीत, आणि हळूहळू त्याच्याकडे त्या शिक्क्याशिवाय दुसरी ओळख उरत नाही. बेकर न वाचता हे माहीत असलेला माणूस आमच्याच वर्गात बसला होता. आणि हे जुनं झालं असंही नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर जेल मॅन्युअलमधले जातीवर काम वाटणारे नियम रद्द केले, विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत समजणाऱ्या तरतुदींसकट. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

पोलीस होणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढा भाग तरी शिकावा असं मला कळकळीने वाटतं. धावणं, गोळाफेक, कलमं पाठ करणं सगळं जमतं, पण रात्री दोन वाजता समोर उभ्या असलेल्या पोराला कशावरून पकडलंय, पुराव्यावरून की आडनावावरून, हे स्वतःला विचारायची सवय आपोआप लागत नाही.

आता कुठे शिकायचं आणि पुढे काय, ते पटकन सांगते. देशात हा विषय शिकवणाऱ्या जुन्या विद्यापीठांपैकी म्हणजे मध्य प्रदेशातलं सागर विद्यापीठ, मद्रास विद्यापीठ, आपल्याला जवळचं धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. मुंबईत टीआयएसएस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिथे क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस हे समाजकार्याच्या अंगाने शिकवतात आणि माझ्या मते ते अंग फार महत्त्वाचं आहे. पोलीस ठाण्यात बायकांसाठी जो विशेष कक्ष दिसतो, तिथे समाजसेविका बसलेल्या असतात, तो १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टीआयएसएसनेच सुरू केला, आणि १९९० पासून त्यांचा प्रयास नावाचा प्रकल्प जेलमध्ये, कोर्टात काम करतो. फॉरेन्सिककडे जायचं असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ, त्याचा एक कॅम्पस गोव्यात पण आहे, आणि महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. सायन्सच्या मुलांनी याकडे जरूर बघा, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आलंय की ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञ घटनास्थळी गेलाच पाहिजे, राज्यांना त्यासाठी ५ वर्षांची मुदत दिलीय, म्हणजे माणसं लागणार. घरझडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पण आता बंधनकारक आहे. आधी पंचनामा म्हणजे दोन पंचांना धरून आणायचं आणि सह्या घ्यायच्या असं ठिकठिकाणी व्हायचं, आता कॅमेऱ्यापुढे करावं लागतं.

क्रिमिनॉलॉजीवाल्यांची कामं वर्दीच्या आजूबाजूला आहेत. परिविक्षा अधिकारी, जो पहिल्यांदा चुकलेल्या माणसाची घरची परिस्थिती बघून कोर्टाला रिपोर्ट देतो की याला जेलमध्ये न टाकता देखरेखीखाली सोडता येईल का, १९५८ च्या कायद्यानुसार. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात ती निरीक्षणगृहं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जेलमधलं समुपदेशन, बँका आणि विमा कंपन्यांचे फ्रॉड शोधणारे विभाग, सायबर फसवणुकीवरची कामं. यातल्या बऱ्याच सरकारी जागांना जाहिरातीत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा एलएलबी मागतात, नुसती क्रिमिनॉलॉजी पुरत नाही, हे ॲडमिशनच्या आधी जुन्या जाहिराती काढून स्वतः वाचा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे. आणि जेलचं काम कोणाला कमी वाटत असेल तर एकच आकडा देते, २०२२ च्या शेवटी देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नव्हते. त्यांच्याशी बोलणारं, घरी निरोप देणारं, जामिनाचा कागद हलवणारं माणूस लागतं. आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली खुली वसाहत, कैदी तिथे कुटुंबासोबत राहून शेती करतात. कधी त्या बाजूला गेलात तर बघून या.

तर शेजारच्या मुलीचं काय झालं. मी तिला म्हटलं त्या संस्थेत फोन करून तीनच गोष्टी विचार, पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार, ते विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे का, आणि मागच्या बॅचचे पीएसआय झालेले कोण त्यांच्याशी बोलता येईल का. तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. पहिल्या प्रश्नाला पलीकडचे सर म्हणाले डिप्लोमा आहे पण डिग्रीसारखाच, दुसऱ्याला म्हणाले ऑफिसला येऊन बोला, तिसऱ्याला फोन कट झाला. आईने माहितीपत्रक घडी घालून पिशवीत टाकलं.

आता तिने गावातल्याच कॉलेजात बीएला समाजशास्त्र घेतलंय, मानसशास्त्राचा पेपर पण आहे, सकाळी शाळेच्या मैदानावर ८०० मीटरची तयारी चाललीय. पदवीनंतर पीएसआयचं जमलं तर उत्तम, नाहीतर टीआयएसएसच्या प्रवेशासाठी परीक्षा देईन म्हणते. उंची आम्ही त्याच दिवशी आमच्या दाराच्या चौकटीला उभं करून पट्टीने मोजली, १५८ भरली, आणि पेन्सिलची ती रेघ मी अजून पुसलेली नाही.